विकिपीडियावर कुणाचं पान टिकतं? नव्या संपादकांसाठी

मराठी विकिपीडियावर खातं उघडणाऱ्या अनेकांच्या डोक्यात पहिलं पान आधीच ठरलेलं असतं. ते स्वतःचं असतं, नाहीतर वडिलांचं, साहेबांचं, आपल्या क्लासचं किंवा मंडळाचं. पान तयार होतं, लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या चार ग्रुपांवर फिरते, अभिनंदनाचे अंगठे पडतात आणि थोड्याच वेळात पानाच्या डोक्यावर ‘पानकाढा’ साचा, म्हणजे हे पान काढून टाकावं अशी सूचना, येऊन बसतो. मग चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, भांडण सुरू होतं: अमक्याचं पान चालतं, मग आमच्याच वेळी नियम कसे आठवले?

हे भांडण टाळता येतं. विकिपीडियावर कुणीही लिहू शकतं हे खरं, पण म्हणून कुणाविषयीही लिहिता येतं असं नाही. कोणत्या विषयावर स्वतंत्र पान असावं, हे ठरवणाऱ्या निकषाला तिथे ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. इंग्रजी विकिपीडियावर त्याची लांबलचक नियमावली आहे. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर राबते हात थोडे आहेत, लिखित नियमही कमी आहेत आणि बरंचसं प्रचालकांच्या, म्हणजे पानं काढण्याचे आणि खाती बंद करण्याचे अधिकार असलेल्या संपादकांच्या, तारतम्यावर चालतं. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले नियम आपण ठरवतो. तरी गाभा सगळीकडे तोच आहे, आणि तो नीट कळला की मराठीत लिहा किंवा इंग्रजीत, अडचण येत नाही.

पहिली पायरी: खातं उघडा, पान लगेच नको

सदस्यनाव स्वतःचं किंवा टोपण घ्या. क्लासचं, कंपनीचं, पक्षाचं किंवा ट्रस्टचं नाव घेऊ नका. जाहिरातीसाठी उघडलेलं खातं म्हणून ते लगेच नजरेत येतं आणि इंग्रजीत तर तेवढ्यावरच बंद होऊ शकतं. एक खातं एकाच माणसाचं असतं. ऑफिसातल्या तिघांनी मिळून वापरायचं खातं चालत नाही.

सुरुवातीला धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर, हात बसवा. मग आपल्या तालुक्याचं, नदीचं किंवा आवडत्या खेळाडूचं पान उघडा आणि तिथलं शुद्धलेखन सुधारा. ‘संदर्भ हवा’ असं जिथे लिहिलेलं दिसेल तिथे संदर्भ शोधून जोडा. इंग्रजी विकिपीडियावर खातं किमान चार दिवस जुनं आणि किमान दहा संपादनं झाल्याशिवाय थेट लेख तयार करता येत नाही. तोवर मसुदा लिहून तो तपासणीला द्यावा लागतो. मराठीत वाट सोपी आहे, पण घाई तिथेही अंगाशी येते. प्रत्येक खात्याच्या योगदानांची यादी कुणालाही उघडून पाहता येते. ज्या खात्याची सगळी संपादनं एकाच माणसाभोवती फिरताना दिसतात, त्याच्याबद्दल वेगळं काही विचारावं लागत नाही.

दुसरी पायरी: आपलं नातं काय, ते आधी ठरवा

ज्याच्याविषयी लिहायचंय तो तुमचा कोण लागतो? स्वतः, बायको, काका, गुरुजी, मालक, ज्या पक्षाचं काम करता त्याचे उमेदवार, ज्या संस्थेत शिकलात तिचे संस्थापक, ज्या पुस्तकाचं मुखपृष्ठ तुम्ही केलंत त्याची लेखिका. यातलं काहीही असेल तर तुमचा हितसंबंध आहे. हितसंबंध असणं हा गुन्हा नाही. लपवला की मात्र प्रकरण वाईट वळण घेतं.

स्वतःच्या पानाला हात लावण्याचा मोह मोठमोठ्यांना आवरलेला नाही. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००१ मध्ये विकिपीडिया सुरू केला. २००५ च्या अखेरीस उघड झालं की वेल्स यांनी स्वतःच्या चरित्राच्या पानात बरेच बदल केले होते आणि सँगर यांचा सहसंस्थापक म्हणून असलेला उल्लेखही त्यातून काढला होता. पानाचा ‘इतिहास’, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद, सगळ्यांना खुला असल्यामुळे हे कुणालाही पाहता आलं. असं करू नये, आपणही करायला नको होतं, हे वेल्स यांनी पुढे मान्य केलं. संस्थापकाचं संपादन जिथे लपलं नाही, तिथे आपल्या पुतण्याने रात्री दीड वाजता केलेलं लपेल असं समजू नये.

पैशांची गोष्ट वेगळी आणि जास्त कडक. २०१४ पासून, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया या संस्थेच्या वापराच्या अटींमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे: कुणाकडून मोबदला घेऊन संपादन करत असाल तर पैसे देणारा कोण, काम कुणासाठी आणि त्यांच्याशी तुमचा संबंध काय, हे जाहीर करायला हवं. मोबदला म्हणजे केवळ पाकिटातले पैसे नव्हेत. एखाद्या संस्थेच्या प्रसिद्धी विभागात तुम्ही नोकरीला असाल आणि विकिपीडियाचं पान ‘बघायला’ साहेबांनी सांगितलं असेल, तर तेही त्यातच येतं. जाहीर करायला फार काही लागत नाही. आपल्या सदस्य पानावर दोन वाक्यं लिहा: “मी अमुक संस्थेत नोकरीला आहे. या संस्थेशी संबंधित संपादनं मी नोकरीचा भाग म्हणून करतो.” हे लिहिणाऱ्याशी लोक सहसा सभ्यपणे वागतात.

तिसरी पायरी: आधी कात्रणं, मग लिखाण

सगळा खेळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

माणूस किती मोठा, किती सज्जन, किती कष्टाळू, यातलं काहीच विकिपीडिया तपासत नाही. त्याचा प्रश्न एवढाच: त्या माणसाशी घेणंदेणं नसलेल्या, विश्वासार्ह म्हणाव्या अशा ठिकाणी, त्याच्याविषयी कुणी आपणहून सविस्तर लिहिलंय का? यात तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच कात्रणात एकत्र हव्यात. सविस्तर, म्हणजे नुसता नामोल्लेख नको. विश्वासार्ह, म्हणजे जिथे संपादक आहे आणि छापलेल्याची जबाबदारी कुणीतरी घेतं. स्वतंत्र, म्हणजे लिहिणाऱ्याला त्या माणसाकडून, त्याच्या संस्थेकडून किंवा जाहिरातीच्या बिलातून काही मिळालेलं नाही.

उदाहरण घेऊ. समजा, एक कवयित्री आहेत. दोन संग्रह आलेत, तालुक्यात नाव आहे. त्यांच्या भाच्याने पान करायचं मनावर घेतलं आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपलेली सगळी कात्रणं टेबलावर पसरली.

पहिला गठ्ठा प्रकाशन सोहळ्याच्या बातम्यांचा. ‘काव्यसंग्रहाचे थाटात प्रकाशन’, खाली व्यासपीठावरच्या नऊ जणांची नावं, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले. तीन दैनिकांत आलीय, पण वाक्य न् वाक्य सारखं आहे, म्हणजे आयोजकांचं एकच प्रसिद्धिपत्रक तिन्हीकडे गेलं. ही बातमी समारंभाची आहे. कवितेबद्दल तिच्यात एकच ओळ आहे आणि तीही प्रमुख पाहुण्यांच्या भाषणातली. गठ्ठा बाजूला.

दुसरी, संग्रहाची प्रस्तावना. लिहिणारे मान्यवर समीक्षक आहेत, पण ती त्या पुस्तकासाठी, पुस्तकाच्या आतच लिहिलेली आहे. ती स्वतंत्र धरता येत नाही. प्रकाशकाची सूची, मलपृष्ठावरचा मजकूर, स्वतःचा ब्लॉग, फेसबुकवरच्या पोस्टी यांचंही तेच. पान एकदा उभं राहिलं की जन्मगावासारखा निर्विवाद तपशील तिथून घेता येईल, पण पान उभं करायला या गोष्टी कामाच्या नाहीत.

तिसरी, दिवाळी अंकातली मुलाखत. ही अर्धवट उपयोगाची. मुलाखतीत बाई स्वतःच स्वतःबद्दल बोलतात, त्यामुळे त्यातली विधानं त्यांचीच धरायची. मुलाखतकाराने सुरुवातीला त्यांच्या कवितेवर स्वतःचं म्हणून दोन परिच्छेद लिहिले असतील तर ते मोजता येतात.

चौथा गठ्ठा पुरस्कारांचा. सात मानपत्रं. त्यातल्या पाच संस्थांचं नाव पुरस्कार वाटण्यापलीकडे कुठे ऐकू येत नाही, आणि त्यांतल्या दोघींनी शाल-श्रीफळाबरोबर पावतीपुस्तकही आणलं होतं. ज्या पुरस्काराची दखल पुरस्कार देणारा आणि घेणारा सोडून कुणी घेत नाही, तो विकिपीडियाही घेत नाही. साहित्य अकादमीचा असता तर चित्र वेगळं असतं.

आता राहिली दोनच कागदं. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत संग्रहाचं परीक्षण आलंय, अर्धं पान, लिहिणाऱ्याची बाईंशी ओळख नाही, आणि त्याने चार कविता त्याला न आवडल्याचंही लिहिलंय. दुसरं म्हणजे समकालीन कवितेवरच्या एका समीक्षाग्रंथात बाईंच्या कवितेवर सहा पानं आहेत. या दोन्ही कागदांत तिन्ही अटी बसतात. सत्तावीस कात्रणांतून दोन उरली. यावर पान होऊ शकतं, पण उंबरठ्यावरचं. आणखी एखादं परीक्षण मिळालं तर पाया पक्का.

दुसऱ्यांच्या फोल्डरबाबत ही चाळणी लावताना कुणाला काही वाटत नाही, आपल्या फोल्डरबाबत हात जड होतो. म्हणूनच ज्याचा फोल्डर आहे त्याने निवाडा करू नये असं म्हणतात.

वर्तमानपत्रांविषयी आणखी थोडं, कारण आपल्याकडे नव्या संपादकांची सर्वाधिक फसगत इथेच होते. छापून आलं म्हणजे बातमी, असं आता राहिलेलं नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या दैनिकांत जवळपास शब्दशः सारखे स्तुतिलेख बातम्यांच्या रूपात आले होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणले आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी गेला. भारतीय प्रेस परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर अहवाल दिला. तेव्हापासून भारतातल्या बातम्या संदर्भ म्हणून आल्या की इंग्रजी विकिपीडियाचे संपादक दोनदा वास घेतात, आणि ते चुकीचं नाही. ओळखायच्या खुणा साध्या आहेत. बातमीदाराचं नाव नसतं. ‘वाणिज्य प्रतिनिधी’ असं लिहिलेलं असतं, किंवा बारीक अक्षरात ‘प्रायोजित’. वाढदिवसाच्या किंवा वर्धापनदिनाच्या पुरवणीत मजकूर आलेला असतो आणि शेजारच्या पानावर त्याच माणसाची हात जोडलेली जाहिरात असते. सगळ्यात पक्की खूण म्हणजे मजकुराच्या शेवटी मोबाईल नंबर. वेबसाईटवर हाच माल ‘तीस वर्षांखालचे तीस उद्योजक’ अशा याद्यांतून येतो.

गौरवग्रंथ आणि स्मरणिका यांचा विचार जपून करावा. त्या शिष्यांनी, सत्कार समितीने काढलेल्या असतात, म्हणून उल्लेखनीयता सिद्ध करायला त्या चालत नाहीत. पण एखादी शाळा कोणत्या साली सुरू झाली, पहिले मुख्याध्यापक कोण, असले तपशील अनेकदा तिथेच आणि तिथेच मिळतात.

एक दिलासा: संदर्भ ऑनलाइन असलाच पाहिजे अशी अट नाही. जुन्या दैनिकाचं नाव, तारीख, पान क्रमांक, मथळा. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, पान. एवढं दिलं की झालं. गावातल्या वाचनालयाच्या माळ्यावर बांधून ठेवलेले अंक हा या बाबतीत मराठी माणसाचा मोठा ठेवा आहे. इंग्रजी विकिपीडियावर लिहिताना मराठी संदर्भ चालतात, हेही लक्षात ठेवा. कुणी नाही म्हणालं तर नम्रपणे नियम दाखवा.

चौथी पायरी: ज्यावर मदार ठेवू नये

फॉलोअर आणि व्ह्यूज मोजले जात नाहीत. दहा लाख सबस्क्रायबर असलेल्या चॅनेलवर कुणी गंभीरपणे लिहिलं नसेल, तर पान नाही. निवडून आलेले आमदार-खासदार सहसा निकषात बसतात. उमेदवार, नगरसेवक, सरपंच आपोआप बसत नाहीत, आणि ‘भावी आमदार’ तर फ्लेक्सवरच शोभतात. सरकारी नोंद असलेल्या गावाचं पान होऊ शकतं, पण गावाचं झालं म्हणून गावातल्या पतसंस्थेचं होत नाही. मोठ्या माणसाचा मुलगा, मोठ्या नटाचा मेकअपमन, मोठ्या कंपनीची उपकंपनी यांना मोठेपण वारशाने मिळत नाही. एकदाच एखाद्या घटनेत नाव गाजलेल्या साध्या माणसाचं वेगळं पान करत नाहीत. घटनेच्या पानात त्याचा उल्लेख येतो. आणि ‘अमक्याचं पान आहे मग माझं का नाही’ याला उत्तर एकच: अमक्याचं पानही कदाचित काढायलाच हवं, अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

निकष लावणारी माणसंच असतात, त्यामुळे चुकाही होतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरचा मसुदा मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला. पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत, असं कारण दिलं होतं. २ ऑक्टोबर २०१८ ला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मेरी क्युरी आणि मारिया गेपर्ट-मायर यांच्यानंतर हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या महिला. पान त्याच दिवशी झालं आणि विकिपीडियाची जगभर शोभा झाली. माझ्या मते यात दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखं आहे. तपासणाऱ्याने थोडं शोधलं असतं तर शास्त्रज्ञांसाठीच्या वेगळ्या निकषात त्या आधीच बसत होत्या. आणि मसुदा लिहिणाऱ्याने तसे संदर्भ हुडकून लावले असते तर तपासणाऱ्याला नाकारायला जागाच उरली नसती. बायका, आदिवासी कलावंत, तमाशातले लोक यांच्याविषयी मुळात लिहिलंच कमी गेलंय, म्हणून विकिपीडियावरही ते कमी दिसतात. ही उणीव खरी आहे. ती भरायची तर आधी कुणीतरी नियतकालिकात, पुस्तकात लिहायला हवं. विकिपीडिया त्याच्या मागून येतो.

पाचवी पायरी: संदर्भ नसतील तर दुसरं पान लिहा

चाळणीतून काहीच उरलं नाही, तर पान करू नका. पानाचा हट्ट धरून दरवेळी नवं नाव, नवं खातं घेऊन येणाऱ्याची नोंद कायमची राहते. वारंवार काढलेल्या शीर्षकाला पुढे कुलूप लागतं. उद्या तो माणूस खरोखर उल्लेखनीय झाला तरी आधी ते कुलूप काढून घ्यायची विनवणी करावी लागते.

हात शिवशिवत असतील तर काम कमी नाही. मराठी विकिपीडियावर नद्या, तलाव, लेणी, जुने ग्रंथकार, संगीत नाटकांतले नट अशांची पानं दोन-तीन ओळींवर अडलेली आहेत. मराठी विश्वकोशाचे खंड ऑनलाइन वाचता येतात. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे चरित्रकोश आणि महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश बऱ्याच ग्रंथालयांत असतात. गोव्याच्या विषयांसाठी गोवा विद्यापीठाचा कोकणी विश्वकोश आहे. यांपैकी कुठल्याही कोशात ज्याची स्वतंत्र नोंद आहे, त्याच्या पानावर सहसा कुणी बोट ठेवत नाही. मजकूर उचलून चिकटवायचा मात्र नाही. वाचायचा, आपल्या शब्दांत लिहायचा आणि संदर्भ द्यायचा. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कर्ते श्री. व्यं. केतकर १९३७ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लिखाण आता प्रताधिकारातून मुक्त आहे. तरी ज्ञानकोशातली वाक्यं जशीच्या तशी घेतलीत तर शंभर वर्षांपूर्वीची माहितीही जशीच्या तशी येईल, याचं भान ठेवा.

सहावी पायरी: लिहिताना विशेषणं गाळा

संदर्भ जमले, आता लेखणी. आपल्या कवयित्रीवर भाच्याने पहिल्यांदा असं लिहिलं:

“आपल्या ओजस्वी लेखणीने साहित्यविश्वात आगळावेगळा ठसा उमटवणाऱ्या, समाजमनाचा अचूक ठाव घेणाऱ्या संवेदनशील कवयित्री म्हणून ताई सर्वदूर परिचित आहेत. प्रतिकूल परिस्थितीवर मात करत त्यांनी घेतलेली गरुडझेप थक्क करणारी आहे.”

यातून वाचकाला कळलं काय? बाई कवयित्री आहेत, एवढंच. बाकी निमंत्रणपत्रिका. हेच असं लिहिता येईल:

“या मराठी कवयित्री आहेत. त्यांचे दोन कवितासंग्रह प्रकाशित झाले असून पहिल्या संग्रहातील बहुतेक कविता ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराविषयी आहेत. दुसऱ्या संग्रहातील गद्याकडे झुकणाऱ्या रचनेवर एका परीक्षणात टीका झाली.”

प्रत्येक वाक्यापाशी थांबून ‘कुणाच्या मते?’ असं विचारा. उत्तर ‘माझ्या मते’ असेल तर वाक्य काढा. एखाद्या समीक्षकाचं असेल तर त्याचं नाव घालून, संदर्भ देऊन ठेवा. टीका गाळू नका. नुसत्या कौतुकाचं पान दुरूनच जाहिरात वाटतं. शीर्षकात आणि मजकुरात ‘आदरणीय’, ‘कार्यसम्राट’, ‘समाजभूषण’, ‘दादा’, ‘साहेब’ नकोत. ‘ते म्हणाले’, ‘त्या लिहितात’ यातला आदर पुरेसा आहे. फोन नंबर, शाखांचे पत्ते, फीचे दर, ‘अधिक माहितीसाठी संपर्क’ यांना जागा नाही.

वेबसाईटची लिंक जागोजागी पेरून गुगलमध्ये वर येऊ, हा हिशेबही चुकीचा आहे. इंग्रजी विकिपीडियावरच्या बाहेरच्या दुव्यांवर २००७ पासून ‘नोफॉलो’ खूण असते, म्हणजे सर्च इंजिनांनी त्यांना शिफारस मानू नये असं सांगितलेलं असतं. पेरणी वाया जाते आणि साईट काळ्या यादीत जाण्याची भीती वेगळीच.

फोटोचं थोडक्यात: फोटोत तुम्ही आहात म्हणून तो तुमचा होत नाही. समारंभात छायाचित्रकाराने काढलेला किंवा दैनिकात आलेला फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियासाठीच्या मुक्त चित्रांच्या संग्रहावर, ‘माझं स्वतःचं काम’ म्हणून चढवला की तो काढला जातो. ज्याने काढला त्याने चढवावा किंवा लेखी परवानगी द्यावी.

सातवी पायरी: ‘पानकाढा’ लागलाच तर

साचा स्वतः पुसू नका. नव्या माणसाचा हात पहिल्यांदा तिथेच जातो, आणि पानाची बाजू तिथेच कमकुवत होते. चर्चा पानावर जा आणि तुमच्याकडची उत्तमातली उत्तम दोन-तीन कात्रणं मांडा. प्रत्येकाला एकेक ओळ पुरे: कुठे, कधी, कुणी लिहिलं, किती सविस्तर. वीस दुवे ओतलेत तर वाचणारा पहिले तीन उघडतो, आणि ती प्रकाशन सोहळ्याची निघतात. इंग्रजीत अशी चर्चा साधारण सात दिवस चालते आणि निर्णय डोकी मोजून होत नाही, मुद्दे पाहून होतो. त्यामुळे मित्रमंडळींना नवी खाती काढायला लावून ‘पान राहू द्या, खूप चांगले काम आहे’ असं लिहून घेण्याचा उपयोग नाही. एकाच दिवशी जन्मलेली, एकाच सुरात बोलणारी खाती ओळखायला कुणाला वेळ लागत नाही.

मराठीत प्रचालक थोडे आणि सगळेच स्वयंसेवक, आपापली नोकरी-धंदा सांभाळून काम करणारे. त्यांच्या सदस्य चर्चा पानावर जातीचा, पक्षाचा, प्रांताचा विषय काढलात की चर्चा संपते. “कोणत्या प्रकारचे संदर्भ मिळाले तर हे पान चालेल?” असं विचारलंत तर बहुधा उत्तर मिळतं.

पैसे मागणारे

पान उडालं की काही दिवसांत ईमेल किंवा फोन येऊ शकतो: “तुमचं पान करून देतो, शंभर टक्के गॅरंटी.” पलीकडचा कधी स्वतःला प्रचालकही म्हणवतो. २०१५ च्या ऑगस्टअखेरीस इंग्रजी विकिपीडियाने ३८१ खाती एकदम बंद केली. ‘ऑरेंजमूडी’ या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. त्यांची पद्धत अशी की नाकारलेले मसुदे हेरायचे, संबंधित माणसाला किंवा छोट्या धंदेवाल्याला गाठायचं, पैसे घेऊन पान छापायचं, आणि मग ते पान ‘सांभाळण्यासाठी’ दरमहा पैसे मागायचे. कधी आपली ओळख म्हणून दुसऱ्याच एखाद्या परिचित संपादकाचं नावही सांगायचं. त्यांनी केलेली २१० पानं काढून टाकली गेली. प्रचालकपण हे बिनपगारी काम आहे. पान करून देण्याचे किंवा वाचवण्याचे पैसे मागणारा फसवतोय असं समजा. अशा एजंटाने हितसंबंध जाहीर न करता केलेलं पान कधीही जाऊ शकतं, आणि पैसे परत मिळत नाहीत.

पान आधीच आहे आणि त्यात चूक आहे

कधीकधी उलटं होतं. तुमच्याविषयी किंवा तुमच्या संस्थेविषयी दुसऱ्याच कुणीतरी पान केलेलं असतं. अशा वेळी आनंदाच्या भरात त्याची मालकी घ्यायला जाऊ नका. तिथला मजकूर मुक्त परवान्याखाली आहे, कुणीही बदलू शकतं, आणि संस्थेवरच्या खटल्याची नीट संदर्भ दिलेली बातमी तुम्हाला आवडत नाही म्हणून जाणार नाही.

चूक दुरुस्त करायची रीत साधी आहे. चर्चा पानावर नवा विभाग उघडा आणि असं लिहा:

“मी या संस्थेत नोकरीला आहे. पानावर स्थापनेचं वर्ष १९८७ दिलं आहे, ते १९७८ हवं. संदर्भ म्हणून त्या वेळच्या दैनिकातील बातमीची तारीख आणि पान क्रमांक खाली देत आहे. कृपया तपासून बदल करावा.”

एका विनंतीत एकच बदल मागा, सोबत संदर्भ द्या आणि सही करा. ‘सगळं पान चुकीचं आहे, आमच्या वेबसाईटवरून घ्या’ अशी विनंती कुणी हातात घेत नाही. आठवडाभर कुणी फिरकलं नाही तर चावडीवर त्या चर्चेची लिंक टाका. जिवंत माणसाविषयी बदनामीकारक आणि बिनसंदर्भ काही लिहिलेलं असेल तर मात्र थांबायची गरज नाही. ते लगेच काढावं असाच नियम आहे, आणि खुद्द त्या माणसाने काढलं तरी चालतं. फक्त बदलाच्या आढाव्यात, म्हणजे बदल जतन करताना कारण लिहायच्या चौकटीत, ‘जिवंत व्यक्तीविषयी संदर्भहीन आरोप काढला’ असं कारण लिहा आणि चर्चा पानावर तेवढीच नोंद करून प्रचालकांना कळवा.